एसीतला हाइट गेज

आबाकाका गेले तेव्हा मी नगरपालिकेच्या दारात उन्हात बसून घोषणा देत होते. फोन काकूचा होता. रडली नाही, हुंदका नाही. म्हणाली, "एसी बंद केला गो मी. तू ये." माझ्या शेजारी कुणीतरी माईक तपासत होतं, त्यामुळे बाकीचं नीट ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या आमच्या घरातला तो एसी भर वैशाखात बंद होणं याचा अर्थ एकच होता. दुपारचं जेवण झाल्यावर ते मोजणीच्या खोलीत जरा आडवे झाले आणि तिथेच… गेले. घरात तेवढीच एक खोली गार होती. माणूस निदान सुखात गेला, असं जो तो म्हणाला. त्या खोलीत आयुष्यभर आम्हाला कुणाला सुखात पडू दिलं नाही, हे मात्र कुणी म्हणालं नाही.

स्मृतिलेखांतली माणसं सगळी प्रेमळ आणि मितभाषी असतात. आबाकाका यांतलं काहीही नव्हते. ते हट्टी होते, बढाईखोर होते, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. तरुणपणी ठाण्याला एका कारखान्यात टूलरूममध्ये तपासनीस होते, मग इथल्या औद्योगिक वसाहतीत तेच काम केलं आणि निवृत्त झाल्यावर घरातच दुकान मांडलं. छोटे छोटे वर्कशॉपवाले पहिला जॉब, म्हणजे यंत्राचा सुटा भाग, बनला की काकांकडे घेऊन यायचे. काका तो तपासून 'पास' किंवा 'रिजेक्ट' सांगायचे. बहुतेक वेळा रिजेक्ट. रिजेक्ट म्हणताना त्यांचा चेहरा जेवढा खुलायचा तेवढा मी त्यांच्या मुलाच्या, मंदारच्या, लग्नातही पाहिला नाही.

त्या खोलीत काळ्या ग्रॅनाइटची एक जाडजूड, आरशासारखी सपाट लादी. तिला सरफेस प्लेट म्हणायचं, ओटा म्हणायचं नाही. काकू एकदा ओटा म्हणाली तर तिला चहा मिळाला नाही, म्हणजे तिने केलेला चहा काकांनी घेतला नाही. आणि त्या प्लेटवर उभा हाइट गेज. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते: खाली जड बैठक, वर पट्टीसारखा उभा खांब, त्यावर आकडे, आणि खांबावरून वर-खाली सरकणारा स्लायडर. स्लायडरला पुढे चोचीसारखं टोक असतं, त्याला स्क्रायबर म्हणतात. वस्तू प्लेटवर ठेवायची, चोच तिच्या डोक्याला टेकवायची, बाजूचा स्क्रू पिळून स्लायडर पक्का करायचा आणि भिंगातून उंची वाचायची. त्याच चोचीने वस्तूवर बारीक रेघही ओढता येते. एवढंच. एवढ्यासाठी आमच्या घरात एकमेव एसी बसला, आणि तो माणसांसाठी नव्हता. लोखंड गरम झालं की वाढतं, म्हणून. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत गंज चढतो, म्हणून.

मे महिन्यात मुंबईहून झाडून सगळे नातेवाईक आंबे खायला येतात. बाहेर अंगाची लाही, आणि आत ही गार गुहा. काकांचा नियम होता: खोलीत एका वेळी तिघांपेक्षा जास्त नको. माणसाच्या अंगाची उष्णता असते, तेवढ्याने माप हलतं. आत्यांचे यजमान एकदा चौथे म्हणून उशी घेऊन शिरले, तर काकांनी त्यांना विचारलं, "भावजी, तुमचा ताप किती आहे?" ते म्हणाले, ताप नाही. "नाही कसा? प्रत्येकाला असतो. बाहेर व्हा." जावयाला असं हाकललेलं घर कोकणात दुसरं दाखवा. काकू मात्र हुशार. पावसाळ्यात तिने पापडांचे डबे त्या खोलीत हलवले, कारण घरात कोरडी हवा तेवढीच. काका ओरडले, तर म्हणाली, पापडाला ताप नसतो. त्यानंतर प्लेटच्या एका बाजूला बेअरिंगांचे डबे आणि दुसऱ्या बाजूला उडदाचे पापड, असा तह कायम झाला.

दुसरा नियम आमच्या पाठीत बसलेला होता. काम झालं की स्लायडर खाली, स्क्रू सैल, पुसून तेलाचा हात, वर मऊ फडकं. कुणी गेज वर लॉक करून सोडला की ते अख्खं घर डोक्यावर घ्यायचे. मी लहानपणी कारण विचारलं होतं, तर म्हणाले, "लॉक राहिलेलं माप दिसलं की समजायचं, कुणीतरी काम अर्धं टाकून उठलंय." स्वतः ते कधीही तसे उठले नाहीत. जेवायला हाक आली, वीज गेली, एकदा तर दारात साप निघाला… आधी स्लायडर खाली, मग साप.

आता गणपतीचं सांगते, कारण भांडण तिथे होतं.

आमचं मूळ केळशीचं. आजोबा तिथून इकडे आले ते एक पाट घेऊन आले. त्या पाटावर बसणाऱ्या गणपतीची उंची ठरलेली: आजोबांची एक वीत आणि वर चार बोटं. वाढवायची नाही, कमी करायची नाही. पण वीत आजोबांची. आजोबा गेल्यावर काय करायचं? हा प्रश्न आबाकाकांना आजोबा धडधाकट असतानाच पडला आणि त्यांनी तो आजोबांना तोंडावर विचारला. मग एका रविवारी त्यांना खोलीत नेऊन प्लेटजवळ बसवलं, निळा रंग फासलेली एक लोखंडी पट्टी उभी केली, आजोबांना करंगळी खाली आणि अंगठा वर असा हात तिच्यावर ताणायला लावला, वर चार बोटं ठेवायला लावली आणि गेजच्या चोचीने पट्टीवर रेघ मारली. आजोबा हसत होते आणि काका त्यांना हलू नका म्हणून दटावत होते. त्या दिवशी आजोबा निळ्या अंगठ्याने जेवले. ती पट्टी अजून आहे. आमच्या घराण्याची वीत लोखंडाची आहे.

पूर्वी मूर्ती मातीचीच असायची. मग बाहेरून ट्रकने प्लास्टरच्या मूर्ती येऊ लागल्या आणि काका हरखले, कारण प्लास्टर आटत नाही. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्याला शाळा म्हणतात. आमचे शाळेवाले तात्या, काकांच्याच वयाचे. ते शाडूच्याही मूर्ती करायचे आणि प्लास्टरच्या आणून रंगवायचे. दरवर्षी आषाढात काका पाट काखेत, गेजची पेटी मांडीवर अशी रिक्षा करून तात्यांकडे जायचे. एकेक मूर्ती पाटावर ठेवून उंची बघायचे, बैठक डुलते का बघायचे. पसंत पडली की बैठकीखाली, जिथे कुणी बघत नाही, तिथे स्क्रायबरने बारीकशी बरोबरची खूण आणि आपली आद्याक्षरं कोरायचे. म्हणजे पास. उरलेल्या रिजेक्ट. शाळेत मूर्ती बुक करायला आलेली बाकीची माणसं घाबरायची, की आपला रिजेक्ट तर नाही ना. तात्या हात जोडायचे. "ओ आबा, देव हाय तो. बोल्ट नाय." काका म्हणायचे, "म्हणूनच सांगतो. बोल्ट असता तर चालवून घेतला असता."

आणि मी? मी मांडवीच्या किनाऱ्यावर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पोती घेऊन फिरणारी मुलगी. वाळूत सोंडा, हात, अर्धे मुकुट पडलेले असतात आणि ज्यांनी आदल्या दिवशी 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हटलं ते आपल्या देवाचा पाय ओलांडून सकाळी फिरायला जातात. मी पत्रकं काढली, शाळा-शाळांतून वाटली, बाजारात उभी राहून ओरडले. काका प्रत्येक पत्रक लाल पेनने तपासून परत द्यायचे. 'किनाऱ्याची प्रचंड हानी' याला गोल करून समासात: प्रचंड म्हणजे किती? 'असंख्य मूर्ती': मोजल्या नाहीत असं लिही. मी चिडले की हाक मारायचे, "काय पुढारी, रिजेक्ट झालात?"

ते मी सोसलं असतं. पण एका सभेत मी तावातावाने बोलत असताना मागून एक गृहस्थ उठले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्या घरचा कशाचा आहे?" सभा हसली. मी काय सांगणार? आमच्या घरचा प्लास्टरचा आहे, कारण माझ्या काकांना तो मोजायचा असतो? त्यानंतर प्रत्येक सभेत कुणी ना कुणी तोच प्रश्न विचारायचं. घरचा गणपती मातीचा झाल्याशिवाय माझ्या पत्रकाला कागदाची किंमत नव्हती. मी घरी येऊन स्पष्ट सांगितलं. काका म्हणाले, माझा मातीला विरोध नाही, तपासात पास झाली की आणू.

झालं, तात्यांनी शाडूची मूर्ती केली. ओली असताना काकांनी मोजली, रेघेला बरोबर. मी पेढे वाटले. पुढे मूर्ती वाळली आणि रंगाला घेण्याआधी काका पुन्हा गेज घेऊन गेले. चोच मूर्तीच्या डोक्याला टेकेना. मुकुट आणि चोच यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट. तात्या म्हणाले, माती हाय, वाळली की आवळते, त्यात काय. काका म्हणाले, "त्यात काय? माझ्या बाबांची वीत आटली, तात्या." आणि रिजेक्ट. मी सांगितलं की आजोबांच्या काळातही माती आटतच असणार. त्यावर म्हणाले, तेव्हा मोजायला मी नव्हतो.

त्या वर्षी पुन्हा प्लास्टरचा गणपती आला. मी जाहीर केलं की या आरतीला मी घरात पाऊल ठेवणार नाही, आणि फाटकाबाहेर खुर्ची टाकून उपोषणाला बसले. पाहुणे येताना मला आधी नमस्कार करायचे, मग आत देवाला. दुपारी काकू उकडीचे मोदक आणि तुपाची वाटी घेऊन बाहेर आली. मोदकांना माझा तात्त्विक विरोध नव्हता. ते तांदळाचे होते, विरघळणारे होते. काका खिडकीतून ओरडले, "उपोषणाचा टॉलरन्स बराच मोठा दिसतोय." टॉलरन्स म्हणजे मापात जेवढी चूक चालवून घेतात तेवढी.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडवीला पोतं घेऊन गेले, तर काका मागून आले. का आले, माहीत नाही. चालायला जातो असं काकूला सांगून निघाले होते. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. वाळूत एक मूर्ती पालथी पडली होती. रंग धुपलेला, एक हात गेलेला, बाकी शाबूत. मी ती उचलायला वाकले तर बैठकीखाली बरोबरची खूण, आणि खाली आद्याक्षरं. समुद्राने आमचा देव आम्हाला परत केला होता, आबाकाकांच्या सहीसकट.

काकांनी खिशातून आपली छोटी स्टीलची पट्टी काढली… ती त्यांच्या खिशात सदैव असायची, रुमाल नसायचा. वाळूत गुडघे टेकून मूर्ती उभी केली आणि मोजली. सवयच ती.

"उंचीत काही फरक नाही," ते म्हणाले.

"हेच तर मी दोन वर्षं सांगतेय, काका," मी म्हटलं.

माझं वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं. मूर्ती माझ्या पोत्यात टाकू दिली नाही. सदऱ्याच्या पुढच्या भागात धरून, पोटाशी घेऊन घरापर्यंत चालत आले.

त्यानंतर हिवाळाभर त्यांनी तात्यांकडून शाडूचे गोळे आणले. त्याच्या कांड्या करून मोजणीच्या खोलीत वाळत ठेवल्या. काकूने तक्रार केली की पापडांना मातीचा वास लागतो. मी विचारलं तर म्हणाले, टाइमपास. मला वाटलं, माती कशी भरवशाची नाही हे सिद्ध करून माझ्या तोंडावर मारायची तयारी चालली आहे. म्हणून मीही खोलीत जायचं सोडलं. शेवटची भेट झाली ती खोलीच्या दारातच. मी माझं नवं पत्रक नेऊन दिलं, त्यांनी लाल पेन शोधलं, सापडलं नाही. मी म्हटलं, यंदा काय, परत रिजेक्ट? ते म्हणाले, "बघू गो. माती अजून वाळतेय." नंतर त्यांनी पत्रक न तपासताच घडी करून खिशात ठेवलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दिवसकार्याला मुंबईची सगळी माणसं आली. उकाडा असा की कुणीतरी काकूला न विचारता मोजणीच्या खोलीतला एसी लावला आणि आत बघता बघता गर्दी झाली. काकू, जी तोवर कुणाशी धड बोलली नव्हती, ती दारात जाऊन उभी राहिली. "तिघांपेक्षा जास्त नको," एवढंच म्हणाली. आत्यांचे यजमान सर्वांत आधी बाहेर आले.

आणि मग आषाढ आला, पाट शाळेत द्यायची वेळ. मंदार पुण्याहून आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: यंदा साधेपणाने करू, पण बाबांना आवडायचा तसाच, प्लास्टरचा. त्यांच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या मनाविरुद्ध नको. आता बोला. जिवंत माणसाविरुद्ध मोर्चा काढता येतो, फाटकाबाहेर बसता येतं. गेलेल्या माणसाच्या आवडीविरुद्ध कुठलं पत्रक काढणार? पुढची सगळी वर्षं आमच्या घरात प्लास्टरच येणार, आणि तेही काकांच्या नावाने, हे मला दिसत होतं. आणि मी, ऐकून विश्वास बसणार नाही, गप्प बसले.

काकू म्हणाली, निदान रेघेची पट्टी तरी काढ, तात्यांना उंची दाखवायला हवी. मी खोलीत गेले. काका गेल्यापासून प्लेटला कुणी हात लावला नव्हता. कडेला मातीच्या कांड्या, शेजारी पापड. गेजवर फडकं टाकलेलं. ते मी काढलं आणि तशीच उभी राहिले. स्लायडर वर होता. स्क्रू घट्ट.

आधी मला राग आला. वाटलं, दिवसकार्याला आलेल्या पोरांनी हे केलं. मी काकूला हाक मारली. तिने बघितलं आणि म्हणाली, "पोरं नव्हेत. त्या दिवशी जेवायला उठले ते असाच ठेवून उठले. फडकं मीच टाकलं वरून. म्हटलं, जरा पडून उठले की पुरं करतील." आम्ही निळी पट्टी शेजारी उभी केली. गेजची चोच आजोबांच्या रेघेला नव्हती. रेघेच्या वर होती. किती वर? मी माझी करंगळी मध्ये घातली. बरोबर बसली.

मातीच्या कांड्या वाळून किती आटतात ते त्यांनी हिवाळाभर मोजलं होतं आणि तेवढं माप रेघेत वाढवलं होतं. ओली मूर्ती या चोचीला लागायला हवी, म्हणजे वाळल्यावर ती आजोबांच्या वितीला उतरेल. प्लास्टरला हे असलं काही लागत नाही. मंदारला बोलावलं. तो स्वतः इंजिनिअर, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने वाकून भिंगातून आकडा वाचला आणि मला म्हणाला, "पाट तू घे. गेज मी घेतो." आणि त्याने तो बैठकीला धरून उचलला, खांबाला नाही.

तात्यांनी रिक्षातून गेज उतरताना बघितला आणि सवयीने हात जोडले. मग मागे काका नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते हात तसेच राहिले. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "मेल्याने माज्याकडून माती न्हेली ती वीट करायची हाय असं सांगून." पाटावरच गेज ठेवून त्यांनी ओल्या शाडूचा मुकुट चोचीला टेकेस्तोवर चढवला. एका ठिकाणी जरा जास्त झाला तर स्वतःच स्वतःला म्हणाले, रिजेक्ट.

काकांनी कांड्या वाळवल्या होत्या त्या एसीत. तेव्हा मूर्तीही त्याच हवेत वाळली पाहिजे, असा मुद्दा मी मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. रंगाला परत जाईपर्यंत मूर्ती आमच्याकडे मुक्कामाला आहे, बिनरंगाची, ग्रॅनाइटवर, पापडांच्या शेजारी. बाहेर पाऊस कोसळतोय, आणि इतके दिवस बंद असलेला एसी पुन्हा सुरू झालाय. ती रेघेला उतरेल की नाही, मला माहीत नाही. नाही उतरली तर तिला रिजेक्ट म्हणणारं घरात कुणी उरलेलं नाही, आणि या परिस्थितीचा मी इथे जाहीर निषेध करते.

काल दुपारी माती कुठवर आली ते बघायला गेले, तर काकू आत खुर्ची टाकून बसली होती. मी उंबऱ्यात पाऊल टाकणार तोच तिने हात वर केला. गणपतीकडे बोट दाखवून एक म्हणाली, स्वतःकडे दाखवून दोन. मग गेजकडे बघितलं आणि त्याच्यावरचं फडकं जरा नीट केलं.

"तिघं झाले," ती म्हणाली. "तू दारातूनच बघ."

मी दारातूनच बघते. स्क्रू अजून घट्ट आहे.